पाझरणारा डोळा : अश्रुकोशाच्या दाहाची ओळख आणि उपचार

डोळ्यांतून पाणी येणें ही गोष्ट इतकी सामान्य आहे कीं, घरांतील कोणी तिच्याकडे रोग म्हणून पाहातच नाहीं. धुरानें पाणी येतें, कांदा चिरतांना येतें, डोळे आले म्हणजे येतें, वाऱ्यांत हिंडून आल्यावर येतें; आणि साठीच्या पुढें गेलेल्या माणसाचें पाणी तर वयाच्या खात्यावर मांडून मोकळें होण्याची रीतच आहे. यांपैकीं बहुतेक पाणी खरोखर निरुपद्रवी असतें. परंतु पुष्कळ घरांत एखादी आजीबाई अशी असते कीं, तिचा एकच डोळा, आणि तोहि बारा महिने, पाझरत असतो. पदराचें टोंक डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्याला लावण्याची तिला इतकी संवय झालेली असते कीं, आपण तें लावतों हें तिच्याहि लक्षांत येत नाहीं. सकाळीं उठतांना त्याच डोळ्याच्या पापण्या चिपडांनीं चिकटलेल्या असतात. दुखत कांहीं नाहीं, दिसतें नीट. मग डॉक्टरकडे जाण्याचें कारण काय? अशा डोळ्याच्या कोपऱ्यावर, नाकाच्या हाडाला लागून, बोटानें हळूच दाब दिला तर पुष्कळदां पापणीच्या कडेवरील बारीक छिद्रांतून पांढरट-पिवळा पू किंवा शेंबडासारखा चिकट द्रव वर येतो. हा अश्रुकोशाचा जुना दाह होय. तो दुखत नाहीं, हाच त्याचा सर्वांत मोठा दोष आहे.

हा पू कोठून येतो हें समजण्यासाठीं डोळ्याची पाणीपुरवठ्याची आणि मोरीची व्यवस्था थोडी पाहिली पाहिजे. रडण्याशीं अश्रूंचा संबंध अधूनमधूनचा; त्यांचें नित्याचें काम डोळा ओला व स्वच्छ ठेवण्याचें. भुवईच्या बाहेरच्या टोंकाखालीं, खोबणींत, अश्रुग्रंथि असते. तिच्यांतून व पापण्यांच्या आंतील लहान ग्रंथींतून पाणी येतें, पापणी लवतांना डोळ्यावर सारवलें जातें आणि नाकाकडील कोपऱ्याकडे वाहत जातें. आरशासमोर उभें राहून खालची पापणी किंचित् बाहेर ओढली तर त्या कोपऱ्याजवळ टांचणीनें टोंचल्यासारखें एक छिद्र दिसतें. वरच्या पापणीलाहि तसेंच एक असतें. हीं मोरीचीं दोन तोंडें. प्रत्येकापासून सुमारें एक सेंटिमीटर लांबीची केसासारखी बारीक नळी निघते, बहुतेकांत त्या दोन्ही नळ्या एकत्र होतात, आणि मग पाणी एका लहानशा पिशवींत उतरतें. नाकाच्या मुळाशीं हाडाला जी उथळ खांच आहे, तींत ही पिशवी बसलेली असते. तिची उंची बारा ते पंधरा मिलिमीटर. हाच अश्रुकोश. त्याच्या खालून हाडाच्या बोगद्यांतून एक नळी उतरते व नाकाच्या आंत, सर्वांत खालच्या शिंपल्यासारख्या हाडाच्या आड, उघडते. डोळ्यांत औषधाचा थेंब टाकल्यावर थोड्या वेळानें घशांत कडवट चव लागते, किंवा रडणाऱ्या मुलाचें नाकहि गळूं लागतें, तें याच वाटेनें. पापणी मिटतांना तिचा स्नायु या पिशवीवर दाबाचें काम करतो, म्हणजे ही मोरी केवळ उतारावर चालणारी नाहीं. तिला एक लहानसा पंपहि जोडलेला आहे.

आतां खालची नळी बंद झाली तर काय होईल? पाणी डोळ्याच्या कांठावरून गालावर ओघळेल, हें उघडच आहे. पण त्याहून वाईट गोष्ट पिशवीच्या आंत होते. तेथें सांचलेलें पाणी उबदार, निवांत आणि आंधळ्या कोपऱ्यांतील. जंतूंना याहून सोयीची जागा कोणती? त्याचा चिकट द्रव होतो, मग पू होतो. डोळ्यांत थेंब घातले कीं वरवरची चिपडें चार दिवस कमी होतात, थेंब संपले कीं पुन्हां सुरू. मोरीचें तोंड बुजलें असतां वरून फिनेल ओतीत राहण्यासारखाच हा प्रकार आहे. वास तात्पुरता जातो, मोरी तशीच राहते. महिन्यामागून महिने थेंबांच्या बाटल्या आणणारीं कुटुंबें ही एवढी साधी गोष्ट लक्षांत घेत नाहींत, आणि औषधांच्या दुकानांतून विचारल्याशिवाय बाटली मिळते, त्यामुळें त्यांना तशी गरजहि भासत नाहीं. त्यांतल्या कांहीं बाटल्यांत स्टेरॉइड असतें. डोळ्याची लाली त्यानें झटकन् उतरते खरी, पण जंतूंशीं झगडण्याची डोळ्याची शक्तिहि त्याबरोबर उतरते.

प्रौढांमध्यें हा रोग पुरुषांपेक्षां स्त्रियांना अधिक होतो, आणि तोहि बहुधा चाळिशीनंतर. स्त्रियांमधील ही हाडाची नळी मुळांतच अधिक अरुंद असते, हें त्याचें एक कारण सांगतात. नळीचें अस्तर वर्षानुवर्षें सुजत व आकसत जाऊन ती बुजते. जुन्या खुपऱ्या, नाकाला झालेली दुखापत, नाकांतील मांसवृद्धि किंवा पूर्वीची शस्त्रक्रिया यांमुळेंहि वाट बंद होते. एक चमत्कारिक कारण नदी-तळ्यांच्या पाण्याशीं निगडित आहे. ऱ्हायनोस्पोरिडियम नांवाच्या सूक्ष्म जीवामुळें नाकांत व कधीं कधीं अश्रुकोशांत तांबडे, सहज रक्त येणारे मांसल गोळे वाढतात. साचलेल्या पाण्यांत आंघोळ करणाऱ्यांत व नदींतील वाळू काढणाऱ्यांत हा रोग आढळतो. १९३३ सालीं नोरोन्हा या डॉक्टरांनीं पुण्यांतील वाळूकामगारांमध्यें तो किती पसरला आहे याविषयीं एक टिपण प्रसिद्ध केलें होतें. शहरांतल्या वाचकाला हें कारण दूरचें वाटेल, पण अश्रूंत रक्त दिसलें तर तें दूरचें मानून चालत नाहीं.

दुखत नसलेल्या पिशवीची एवढी धास्ती कां घ्यावयाची, असा प्रश्न येथें कोणीहि विचारील. तिचें उत्तर बुबुळाशीं आहे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा अखंड आहे तोंवर शेजारचा पू त्याला फारसें कांहीं करूं शकत नाहीं. परंतु एके दिवशीं मांडीवर खेळणाऱ्या नातवाचें नख लागतें, किंवा शेतावर गेलें असतां भाताचें तूस डोळ्यांत उडतें. निरोगी डोळ्याला असला ओरखडा दोन दिवसांत भरून येतो. येथें मात्र अर्ध्या बोटाच्या अंतरावर जंतूंचें कोठार भरलेलें असतें, आणि त्यांत पुष्कळदां न्युमोकोकस हा बुबुळ झपाट्यानें खाणारा जंतु असतो. ओरखड्याचा व्रण होतो, व्रणाच्या मागें डोळ्याच्या आंत पू सांचतो, आणि व्रण बरा झाला तरी तेथें पांढरें फूल पडतें. कधीं तर बुबुळ फुटून डोळाच जातो. घरांतील मंडळी मग नखाला किंवा तुसाला दोष देतात. वर्षानुवर्षें पदरानें पुसलेल्या पाण्याचें नांव कोणी काढीत नाहीं.

हा विकार आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत डोळ्याचे शाहत्तर रोग सांगितले आहेत. त्यांतील नऊ डोळ्याच्या सांध्यांत होणारे. त्या नवांत ‘पूयालस’ म्हणून एक आहे. नाकाकडील सांध्यांत सूज येते, ती पिकते आणि तिच्यांतून दाट, दुर्गंधी पू वाहतो, असें त्याचें स्वरूप आहे. आजचे वैद्य त्याचा मेळ अश्रुकोशाच्या तीव्र दाहाशीं घालतात. लक्षण अचूक टिपलें होतें, तरी पुवाच्या मागें बंद झालेली नळी आहे हें कळण्यासाठीं मृत शरीराची बारीक चिरफाड व्हावी लागली. पुढें यूरोपांत आनेल नांवाच्या शस्त्रवैद्यानें १७१३ च्या सुमारास बारीक पिचकारी व तारेसारखी सळई वापरून ही वाट मोकळी करण्याचा उपक्रम केला. डोळ्याच्या दवाखान्यांतील पिचकारी त्याच वंशाची.

डॉक्टर तपासतात तें असें. प्रथम ते डोळ्याकडे पाहतात : पापणी बाहेर वळली आहे काय, छिद्र जागेवर आहे काय, एखादा केस आंत वळून टोंचतो आहे काय, बुबुळावर व्रण आहे काय. नंतर कोपऱ्यावर बोट दाबतात. छिद्रांतून पू वर आला कीं निदान जवळजवळ ठरलेंच. एवढ्या सोप्या, बिनखर्चाच्या परीक्षेनें एवढें मोठें निदान होण्याचीं उदाहरणें वैद्यकांत थोडीं असतील. पू आला नाहीं, पण पाणी येत असेल, तर बधिर करणारा थेंब टाकून बोथट तोंडाच्या बारीक सुईनें खालच्या छिद्रांतून मिठाचें निर्जंतुक पाणी घालतात. वाट मोकळी असेल तर रोग्याला तें घशांत खारट लागतें. तें ज्या छिद्रांतून घातलें त्याच छिद्रांतून परत आलें, तर अडथळा वरच्या बारीक नळींत. वरच्या पापणीच्या छिद्रांतून परत आलें, तर अडथळा पुढें आहे. आणि त्याच्याबरोबर पुवाचे धागे आले तर तो अश्रुकोशाच्या खालीं आहे, असें समजावयाचें. रोग्यानें लाजून ‘लागलें, लागलें’ म्हणूं नये; खारट लागलें नसेल तर तसें स्पष्ट सांगावें. शस्त्रक्रियेचा निर्णय कित्येकदां त्या एका उत्तरावर उभा असतो.

कधीं हा शांत रोग एकाएकीं पेट घेतो. रात्रींतून डोळ्याच्या कोपऱ्याखालीं लाल, तांठर, हात लावूं न देणारी सूज येते, पापण्या फुगतात, ताप भरतो. हा तीव्र दाह. मधुमेह असलेल्या माणसाला तो विशेष जड जातो. अशा वेळीं घरांतील ज्येष्ठ मंडळींना दोन मोह होतात : पोटीस बांधून तें पिकविण्याचा, आणि पिकलें कीं दाबून किंवा सुईनें फोडण्याचा. दोन्ही टाळावे. या जागेच्या मागेंच डोळ्याची खोबण आहे, आणि खोबणीच्या मागें मेंदू. स्वच्छ कोमट पाण्याच्या घडीनें हलका शेक दिला तर ठणका कमी होतो, तेवढा द्यावा आणि त्याच दिवशीं डोळ्याच्या डॉक्टरकडे जावें. ते पोटांत घेण्याचें जंतुनाशक औषध देतात, कारण नुसत्या थेंबांचा येथें उपयोग होत नाहीं; गळूच झालें असेल तर लहानशी चीर देऊन पू काढतात. सूज असतांना पिचकारी किंवा सळई घालीत नाहींत. सुजलेल्या भिंतींतून जंतु आजूबाजूस पसरण्याचें भय असतें. डोळा पुढें आल्यासारखा दिसला, तो फिरविणें कठीण झालें, एकाच्या दोन वस्तु दिसूं लागल्या किंवा दृष्टि मंदावली, तर उद्यांची वाट पाहूं नये, रुग्णालय गांठावें. गळू आपोआप फुटलें तर रोग्याला आराम पडतो आणि तेथेंच फसगत होते. फुटलेल्या जागीं बारीक छिद्र राहून गालावर पाणी झिरपत राहतें. न भरणाऱ्या अशा वाहत्या जखमेलाच लोक नासूर म्हणतात. आंतली नळी बंद आहे तोंवर कोणत्याहि मलमानें तें भरत नाहीं.

याउलट जी सूज दुखत नाहीं, टणक आहे, दाबली तरी रिकामी होत नाहीं आणि कोपऱ्याच्या मधल्या रेषेच्या वरहि पसरली आहे, तिच्या पोटीं गांठ असण्याचा संशय घ्यावा लागतो. तेथें डॉक्टर छायाचित्रें काढून घेतात.

तान्ह्या मुलांची गोष्ट पुष्कळ निराळी आहे, आणि सुदैवानें अधिक सुखाची. नळीचें नाकांतील तोंड जन्माच्या वेळीं एका पातळ पडद्यानें बंद राहिलेलें असतें. पुष्कळ बाळांत तो पडदा पहिल्या कांहीं आठवड्यांतच फाटतो, कांहींत राहतो. मग बाळाचा एक डोळा सदा ओला, पापण्यांना चिपडें, डोळ्याचा पांढरा भाग मात्र स्वच्छ, असें चित्र दिसतें. अशा बाळांपैकीं शंभरांत नव्वदांहून अधिक वर्षाच्या आंत आपोआप बरीं होतात. त्यांना मदत करण्याची रीत १९२३ सालीं क्रिगलर या डॉक्टरनें सांगितली, व ती आजहि तशीच शिकविली जाते. आईनें नखें कापून हात साबणानें धुवावे. बोटाचें टोंक बाळाच्या डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यावर, डोळा व नाक यांच्या मध्यें, टेकवावें. आंत हाडाकडे दाबावें आणि तो दाब न सोडतां नाकाच्या कडेनें खालीं ओढावें. असें पांच ते दहा वेळां, दिवसांतून तीन-चारदां. दूध पाजण्याच्या वेळा धरल्या म्हणजे विसर पडत नाहीं. नुसतें कातडीवर बोट फिरवून उपयोग नाहीं. वरची वाट बोटानें दाबून धरून आंतल्या पाण्याचा दाब खालच्या पडद्यावर पाडावयाचा, म्हणजे तो फुटतो, अशी त्यामागील युक्ति आहे. डॉक्टरनें एकदां आईच्या समोर करून दाखविलें आणि तिच्याकडून करून घेतलें, तर निम्में काम झालें. चिपडें उकळून निवविलेल्या पाण्यांत भिजविलेल्या कापसानें पुसावीं, प्रत्येक वेळीं नवा कापूस घ्यावा. जंतुनाशक थेंब पू दिसेल तेव्हांच, आणि डॉक्टरनें सांगितले तरच.

या ठिकाणीं काजळाचा विषय निघणें अपरिहार्य आहे. बाळाचे डोळे मोठे व्हावे, दृष्ट लागूं नये म्हणून आजीच्या बोटावरचें काजळ बाळाच्या डोळ्यांत जातें. डोळा पाझरूं लागला कीं तें दुप्पट घातलें जातें, वर दुधाचा किंवा तेलाचा थेंब. आधींच तुंबलेल्या वाटेंत काजळी आणि स्निग्ध पदार्थ घालून ती मोकळी होईल हें संभवत नाहीं. बोटाबरोबर जाणारे जंतु मात्र खात्रीनें जातात. तीट गालावर लावावी. तिला कोणाचा आक्षेप नाहीं.

तान्ह्या मुलांत तीन गोष्टींना मात्र वाट पाहणें लागूं होत नाहीं. जन्मल्यावर पहिल्या महिन्यांत पापण्या सुजून डोळ्यांतून भरपूर पू येऊं लागला, तर तो अश्रुकोशाचा नसून जन्मतेवेळीं लागलेल्या जंतूंचा असूं शकतो, आणि बुबुळ थोड्या दिवसांत जाऊं शकतें. जन्मतःच कोपऱ्याखालीं निळसर फुगवटी दिसली तर पिशवी दोन्हीकडून कोंडली गेली आहे असें समजावें; ती नाकांत फुगून बाळाच्या श्वासाला अडथळा करूं शकते. आणि पाण्याबरोबर बाळ उजेडाकडे पाहवत नसल्यासारखें डोळे मिटून घेत असेल, बुबुळ मोठें किंवा धुरकट वाटत असेल, तर तो नळीचा रोग नव्हेच. तो डोळ्यांतील दाब वाढण्याचा रोग असूं शकतो, व त्यांत चोळण्यांत घालविलेला प्रत्येक आठवडा दृष्टि कमी करतो.

वर्ष उलटूनहि डोळा पाझरत राहिला, तर बाळाला थोड्या वेळाची भूल देऊन बारीक सळई घालतात व पडदा फोडतात. हें काम कांहीं मिनिटांचें आहे आणि बहुतेक वेळां एकदांच करावें लागतें. ‘मोठा झाला कीं बरा होईल’ म्हणून तें तीन-चार वर्षें लांबविण्यांत मात्र अर्थ नाहीं.

प्रौढांची बुजलेली नळी सळईनें कायमची उघडत नाहीं, हा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा आहे. म्हणून १९०४ सालीं फ्लॉरेन्स येथील टोटी या शस्त्रवैद्यानें जुनी मोरी साफ करण्याचा नाद सोडून नवी मोरीच पाडली. अश्रुकोश आणि नाक यांच्यामध्यें जें पातळ हाड आहे, त्यालाच खिडकी पाडून पिशवी सरळ नाकांत उघडावयाची. पुढें पिशवीचें अस्तर व नाकाचें अस्तर एकमेकांस शिवण्याची सुधारणा झाली, आणि ही शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. ती अनुभवी हातांत शंभरांत नव्वदांच्या आसपास लोकांना कायमची बरी करते. प्रौढांत जागा बधिर करूनहि ती करतां येते. नाकाच्या कडेला राहणारी बारीक रेघ कांहीं महिन्यांत फारशी दिसत नाहीं. तरी लग्नाच्या मुलीच्या बाबतींत घरचे लोक तेवढ्यासाठींच वर्ष-दोन वर्षें लांबणीवर टाकतात असें दिसतें. त्यांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, १९८९ पासून नाकांतून दुर्बीण घालून बाहेर चीर न देतां तेंच काम करण्याची पद्धतिहि पुढें आली आहे. तेथें नाक-कान-घशाचे व डोळ्याचे डॉक्टर बहुधा हातांत हात घालून काम करतात. शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवस नाक जोरानें शिंकरूं नये, कढत चहा व जेवण एक-दोन दिवस वर्ज्य करावें, जड ओझें उचलूं नये. नाकांतून थोडें रक्त आल्यास घाबरूं नये, पण वाहूं लागल्यास ताबडतोब कळवावें. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तें आधींच सांगावें.

अति वृद्ध किंवा फार अशक्त रोग्याला, ज्याचें शरीर एवढें सहन करणार नाहीं, त्याची पिशवी काढून टाकण्याची लहान शस्त्रक्रिया करतात. पुवाचें कोठार जातें. पाणी मात्र पुढेंहि येत राहतें, कारण वाट राहिलेली नसते. हें रोग्याला आधीं समजावून सांगितलें नाहीं तर तो पुढें डॉक्टरला बोल लावतो, आणि तो बोल अगदींच अस्थानीं नसतो.

या सर्वांत ज्या प्रसंगाला पाझरणारा डोळा खरोखर भारी पडतो, तो म्हणजे मोतीबिंदु. आजीबाईंचा मोतीबिंदु पिकला, तारीख ठरली, मुलगा रजा काढून आला, आणि डॉक्टरनें कोपऱ्यावर बोट दाबून सांगितलें, ‘आतां नाहीं.’ घरच्यांना तो डॉक्टरचा लहरीपणा वाटतो. वस्तुतः मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेंत डोळा उघडला जातो. त्या क्षणीं शेजारच्या पिशवींतील जंतु आंत गेले, तर डोळ्याच्या आंत पू होतो आणि दोन-तीन दिवसांत दृष्टि कायमची जाऊं शकते. म्हणूनच आपल्याकडील नेत्रशिबिरांतहि, जेथें एका दिवशीं पुष्कळ रोगी असतात, तेथें मोतीबिंदूच्या आधीं कोपरा दाबून पाहण्याचा परिपाठ आहे. क्रम असा : आधीं अश्रुकोशाचा बंदोबस्त, मग कांहीं आठवड्यांची विश्रांति, मग पुन्हां पिचकारी. पाणी स्वच्छ घशांत उतरलें, किंवा पिशवी काढली असल्यास दाबल्यावर कांहींच वर आलें नाहीं, म्हणजे मोतीबिंदूची तारीख नव्यानें ठरवितात.